अ‍ॅक्रिलिकचा चार्जिंग स्टँड लेझरवर कापून घेताना: आधी शीट, मग ड्रॉइंग

घरात तीन-चार मोबाइल, एखादी पॉवर बँक, टीव्ही आणि कूलरचे रिमोट, रातची लाइन असली की ओलिताला जाताना लागणारी टॉर्च, आणि या सगळ्यांच्या एकमेकांत गुंतलेल्या वायरी. हे सगळं एका जागी ठेवायला भिंतीवरचा अ‍ॅक्रिलिकचा स्टँड उत्तम. तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावात लेझर कटिंगवाला असतो, अडचण ती नाही. अडचण ही की बहुतेक लोक घरी किंवा डीटीपीवाल्याकडे ड्रॉइंग करून घेतात, मग दुकानात जातात, तिथे जी शीट असेल ती कापून घेतात. घरी आल्यावर भाग एकमेकांत ढिले बसतात, किंवा बसतच नाहीत. मग ठोकाठोकी होते आणि अ‍ॅक्रिलिक तडकतं. दोष कटिंगवाल्याला लागतो, पण चूक असते क्रमाची.

खालचा क्रम सोडू नका. प्रत्येक टप्प्यानंतरची तपासणी झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात घालायचा नाही.

काय बनवायचं आहे

३ मिमीच्या एकाच शीटमधून ७ भाग:

- मागची पाटी: ३०० × २४० मिमी, १ नग
- समोरची पट्टी: ३०० × ६० मिमी, १ नग
- तळ: २८० मिमी लांब, खुंट (दुसऱ्या भागाच्या खाचेत शिरणारा पुढे आलेला तुकडा) धरून ४१ मिमी रुंद, १ नग
- उभे भाग (दोन बाजू, आणि दोन पडदे म्हणजे कप्पे वेगळे करणाऱ्या आतल्या पाट्या): खुंट धरून ४१ मिमी रुंद, मागे १०० मिमी उंच, समोर ४५ मिमी उंच, म्हणजे वरची कड तिरपी, ४ नग

मागची पाटी आणि समोरची पट्टी यांच्यात ३५ मिमी मोकळी जागा राहते. दोन्ही बाजू टोकापासून १० मिमी आत घ्यायच्या. खाच अगदी कडेला आली की तिथली चिंचोळी पट्टी हमखास तुटते. आत तीन कप्पे येतात: ९०, ९० आणि ८८ मिमी रुंदीचे. सगळं मिळून वजन साधारण ४०० ग्रॅम. दोन बाय दीड फुटाचा तुकडा पुरून उरतो, आख्खी आठ बाय चारची शीट घ्यायची गरज नाही. दुकानदाराकडे उरलेले तुकडे पडून असतात, तेच मागा.

१. जागा ठरवा, मग वस्तू मोजा

जागा आधी, कारण वायर कुठून येणार त्यावर खालच्या खाचा अवलंबून असतात.

चूल किंवा गॅसच्या वर नको. कूलरच्या तोंडाशी नको, तिथे ओलावा आणि उडणारे थेंब दोन्ही असतात. कवेलूच्या घरात पावसाळ्यात कुठे गळतं हे घरातल्यांना ठाऊक असतंच, ती भिंत सोडा. दुपारचं ऊन थेट पडणारी भिंतही सोडा: अ‍ॅक्रिलिकला एकवेळ फरक पडणार नाही, पण बंद कप्प्यात उन्हात तापलेली पॉवर बँक हा खेळ नव्हे.

आता मोजमाप. मोबाइल कव्हरसकट मोजा. जाड रबरी कव्हर घातलं की रुंदी आणि जाडी दोन्ही वाढतात, आणि रोज कोणी कव्हर काढून मोबाइल ठेवत नाही. आजचे मोठे मोबाइल कव्हर धरून साधारण १६५-१७० मिमी उंच आणि ८० मिमी रुंद भरतात, म्हणून कप्पा ९०चा. चार्जरची पिन लावून मोबाइल उभा धरा आणि पिनेचा प्लास्टिकचा भाग खाली किती येतो तेही मोजा. हे माप लोक विसरतात आणि मग मोबाइल चार्जिंगला लावून ठेवताच येत नाही.

*काय ठेवायचं नाही:* एक्स्टेंशन बोर्ड, चार्जरचे अडॅप्टर, इन्व्हर्टर आणि वायफायचा राउटर. अ‍ॅक्रिलिक जळतं, आणि पेटलं की चांगलं पेटतं. भारनियमनानंतर लाइन आली की अडॅप्टरवर काय येऊन आदळतं ते आपल्याला माहीत आहे. अडॅप्टर बोर्डावरच राहू द्या, स्टँडपर्यंत फक्त वायर आणा.

२. पुठ्ठ्याचा नमुना

हा टप्पा पोरखेळ वाटतो म्हणून गाळला जातो. गाळू नका. टीव्हीच्या किंवा किराणा दुकानातल्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्याची जाडी ३ मिमीच्या जवळपासच असते. वरच्या मापांनी सातही भाग ब्लेडने कापा, चिकटपट्टीने जोडा आणि ठरवलेल्या भिंतीवर दोन दिवस टांगून ठेवा. घरातली सगळी माणसं तो वापरू द्या.

दोन दिवसांत कळेल की आईचा साधा बटणांचा मोबाइल कप्प्यात आत बुडतो आणि काढायला बोटं जात नाहीत, किंवा टीव्हीचा रिमोट इतका उंच आहे की पडद्यावरून लवंडतो. पुठ्ठ्यात दुरुस्ती फुकट आहे. लहान मोबाइल असेल तर त्याच्या कप्प्यात तळावर जादा पट्ट्यांचा थर टाका, कप्प्याची रचना बदलू नका.

३. शीट हातात घ्या

ड्रॉइंगच्या आधी शीट विकत घ्यायची. ही या लेखातली मुख्य गोष्ट.

दुकानात विचारायच्या गोष्टी:

*मशीन कोणतं?* अ‍ॅक्रिलिक कापायला सीओटू लेझर लागतो. निळ्या किरणाचं छोटं डायोड मशीन पारदर्शक अ‍ॅक्रिलिक कापूच शकत नाही, किरण आरपार निघून जातो. काही नेमप्लेटवाल्यांकडे लेझर नसून राउटर असतो, म्हणजे फिरत्या बिटने कापणारं मशीन. त्यावर काम होतं, पण आतले कोपरे गोल येतात आणि खालची खाचांची मापं लागू पडत नाहीत.

*कास्ट (साच्यात ओतून केलेली) की एक्स्ट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेली)?* कास्ट घ्या. एक्स्ट्रुडेड स्वस्त आणि जाडीला एकसारखी असते, पण लेझरनंतर तिच्या कडेत ताण राहतो आणि चिकटवताना बारीक केसांसारख्या चिरा दिसू लागतात. दुकानदाराला सांगता येत नसेल तर तुकड्यावर एक अक्षर कोरून मागा. कास्टवर कोरलेलं पांढरंशुभ्र उठतं, एक्स्ट्रुडेडवर फिकट आणि जवळजवळ पारदर्शकच राहतं.

*खरंच अ‍ॅक्रिलिक आहे ना?* फ्लेक्सच्या दुकानात सनबोर्ड आणि पीव्हीसीच्या शीटही असतात. पीव्हीसी लेझरखाली गेलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो फुप्फुसालाही वाईट आणि मशीनच्या लोखंडालाही, म्हणून जाणता ऑपरेटर ते घेतच नाही. शंका असेल तर मोटार रिवाइंडिंगच्या भंगारातली तांब्याची तार घ्या. आधी ती ज्योतीत धरून तिचा वार्निश पूर्ण जाळा. मग लाल तापलेली तार शीटच्या कोपऱ्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, ती शीट नको. ही परीक्षा उघड्यावर, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून करायची.

पॉलिकार्बोनेटही दिसायला असंच असतं. ते वाकतं पण तुटत नाही, आणि लेझरने कापलं तर कड तपकिरी-काळी जळते.

रंगाचं म्हणाल तर दुधी पांढरा घ्या. पारदर्शक दुकानात छान दिसतो, पण घरी त्यातून वायरींचा गुंता आणि धुळीचे ओरखडे दिसतात. काळ्यावर कापसाच्या हंगामातली धूळ एका दिवसात बसते.

वरचा कागद काढू देऊ नका. कटिंगच्या धुराचे डाग तोच झेलतो.

> तपासणी: शीट हातात, दोन्ही बाजूंचा कागद शाबूत, लेझर सीओटू. तिन्हीला हो असेल तर पुढे.

४. जाडी आणि कर्फ मोजा

"तीनची शीट तीन थोडी भरते, भाऊ!" असं दुकानदारच सांगेल, पण विचारल्यावर. ३ मिमी म्हणून विकली जाणारी कास्ट शीट २.७ ते ३.२पर्यंत काहीही भरते, एकाच शीटच्या दोन कोपऱ्यांत फरक असतो. व्हर्नियर कॅलिपरने चारही कडांना मोजा, कागदाची जाडी वजा करा आणि सर्वांत मोठा आकडा धरा. कॅलिपर नसेल तर आयटीआयच्या फिटर ट्रेडच्या एखाद्या पोराकडे नक्की असतं.

दुसरं माप लेझरचं. किरण जिथून जातो तिथलं थोडं मटेरियल जळून जातं, त्या रुंदीला कर्फ म्हणतात. ३ मिमीच्या अ‍ॅक्रिलिकला ती बहुधा ०.१५ ते ०.२५ मिमी असते, पण प्रत्येक मशीनची वेगळी, आणि भिंग मळलं की त्याच मशीनचीही बदलते. म्हणून मोजायची.

मोजायची रीत सोपी आहे. १०० मिमी लांब, २० मिमी रुंद चौकट काढा आणि तिचे उभ्या रेघांनी १० सारखे भाग पाडा. टोकाच्या दोन धरून उभ्या रेघा ११ होतात. हे तुकड्यावर कापून घ्या. दहाही भाग चौकटीत एका बाजूला सरकवा आणि दुसऱ्या टोकाला उरलेली फट मोजा. फट भागिले ११ म्हणजे कर्फ. २.२ मिमी फट आली तर कर्फ ०.२.

आता खाचेचा हिशेब. लेझर रेघेवरून चालतो, म्हणून कापलेली खाच काढलेल्या मापापेक्षा कर्फइतकी मोठी होते आणि खुंट कर्फइतका लहान. अ‍ॅक्रिलिक लाकडासारखं दबत नाही, त्याला ठोकून बसवता येत नाही. म्हणून थोडी, अगदी ०.१ मिमी मोकळीक ठेवायची.

खाचेची काढायची रुंदी = मोजलेली जाडी − कर्फ + ०.१

जाडी २.८ आणि कर्फ ०.२ असेल तर रुंदी २.७ काढायची. त्याच शीटला डोळे झाकून ३ मिमीची खाच काढली असती तर कापल्यावर ती ३.२ झाली असती, आणि २.८चा भाग तिच्यात खुळखुळला असता. लांबीचंही तसंच: खुंट २० मिमी काढला तर कापून १९.८ येतो, म्हणून खाच १९.७ लांब काढा, ती १९.९ येईल.

हिशेब केला तरी एक चाचणी-पट्टी कापाच. एका पट्टीवर २.५, २.६, २.७, २.८, २.९ अशा पाच खाचा, शेजारी एक २० मिमीचा खुंट. जी खाच बोटाच्या हलक्या दाबाने बसते आणि उलटी धरली तरी खुंट पटकन गळून पडत नाही, तिचं माप पक्कं. दाबताना अंगठ्याचं नख पांढरं पडत असेल तर ती खाच घट्ट आहे, सोडून द्या.

ही चाचणी आणि खरं कटिंग एकाच फेरीत उरकायचं असेल तर आधी फोन करून जा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि शाळांच्या गॅदरिंगच्या दिवसांत ट्रॉफ्या करणाऱ्या या कटिंगवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. तेव्हा तो चाचणी-पट्टी कापायला तयार होणार नाही, आणि त्याचंही चूक नाही.

५. ड्रॉइंग

कोरलड्रॉ येत असेल तर कोरलड्रॉ, नाहीतर इंकस्केप फुकट आहे. पहिलं काम एकक मिमी करणं.

क्रम असा ठेवा:

१) मागची पाटी काढा. तिच्या खालच्या कडेपासून ३५ मिमीवर तळाच्या खाचा.

२) उभ्या भागांच्या खाचा. डाव्या कडेपासून भागांची सुरुवात १०, १०३, १९६ आणि २८७ मिमीवर येते. प्रत्येक उभ्या भागाला मागे दोन खुंट, समोर एक.

३) समोरची पट्टी. तिच्यात तळाची खाच खालच्या कडेपासून १० मिमीवर. पट्टीवरच्या आडव्या जागा मागच्या पाटीशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत, म्हणून त्या खाचा नव्याने काढू नका, पाटीवरून कॉपी करून आणा.

४) वायरीसाठी खाचा. तळात समोरच्या कडेपासून आत २२ मिमी खोल, ३० मिमी रुंद. समोरच्या पट्टीत खालून २५ मिमी उंच, ३० मिमी रुंद. दोन्ही एकमेकांसमोर, मध्य डाव्या कडेपासून ५८ आणि १५१ मिमीवर.

खाच समोरून उघडी ठेवण्याचं कारण आहे. नुसतं गोल भोक ठेवलं तर वायरचं चार्जरकडचं रुंद टोक त्यातून जावं लागतं, आणि एकदा घातलेली वायर काढायला परत तोच खटाटोप. उघड्या खाचेत वायर आडवी सरकते. शिवाय उभा मोबाइल मागे रेलला की त्याचा खालचा भाग पुढे सरकतो आणि पिन समोरच्या पट्टीला टेकते. पट्टीतच खाच असली की ती अडत नाही. तिसरा कप्पा फक्त रिमोटचा असेल तर त्याला खाच नको. पॉवर बँक ठेवायची असेल तर २४३ मिमीवर तिसरी खाच काढा.

५) स्क्रूची भोकं. चार कोपऱ्यांत, दोन्ही कडांपासून १२ मिमीवर मध्य, व्यास ६ मिमी. स्क्रू ४ मिमीचा, भोक ६चं, यात चूक नाही. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने चांगलंच फुगतं: हिवाळ्यातल्या पहाटेच्या १० अंशांपासून मेमधल्या ४५ अंशांपर्यंत ३०० मिमीची पाटी पाऊण मिमीच्या आसपास लांबते. आपल्याकडे हा फरक दरवर्षी होतो. भोक स्क्रूला घट्ट असेल तर पाटी पहिल्याच उन्हाळ्यात भोकापासून तडकते.

६) आतले कोपरे. वायरीच्या खाचांचे आतले कोपरे १ ते २ मिमी त्रिज्येने गोल करा. टोकदार कोपऱ्यातून चीर सुरू होते. बाहेरचे कोपरे ५ मिमीने गोल करा, लहान मुलांच्या डोळ्याच्या उंचीवर स्टँड असेल तर नक्कीच.

नाव घालायचं असेल तर दोन गोष्टी. मराठी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या रेघांच्या आकारात, बदलूनच फाइल द्या. तुमच्याकडचा फाँट दुकानातल्या संगणकावर नसला तर 'पाटील' काय छापून येईल सांगता येत नाही. आणि अक्षरं आरपार कापायची असतील तर कर्व्ह केल्यावर वेल्ड करा, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार जोडून एकच करा. देवनागरी अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात, वेल्ड न करता दिलं तर लेझर त्या चढलेल्या जागाही कापतो आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. नुसतं कोरायचं असेल तरी वेल्ड केलेलं बरं.

> तपासणी: एकावर एक दोनदा पडलेल्या रेघा शोधा. कॉपी-पेस्टमध्ये हे सर्रास होतं आणि संगणकाच्या पडद्यावर दिसत नाही. लेझर तिथे दोनदा चालतो, कड जळते आणि खाच रुंद होते. प्रत्येक रेघ निवडून थोडी बाजूला सरकवून बघा, खाली दुसरी निघाली तर पुसा.

६. फाइल देताना

फाइलमध्ये एका कोपऱ्यात १०० × १०० मिमीचा चौरस वेगळ्या रंगात ठेवा. दुकानात फाइल उघडल्यावर पहिल्यांदा त्याचं माप विचारा. डीएक्सएफ फाइलमध्ये एककाची गडबड झाली तर सगळं २५.४ पट मोठं किंवा तितकंच लहान होतं, ते लगेच दिसतं. पण इंकस्केपची एसव्हीजी फाइल उघडताना माप ६-७ टक्क्यांनी सरकलं तर नजरेला कळत नाही, खाचांना मात्र कळतं. चौरस १०० भरला की बाकी सगळं बरोबर. मग तो चौरस पुसून टाका.

कोरलड्रॉची फाइल जुन्या आवृत्तीत सेव्ह करून द्या, सोबत डीएक्सएफही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नव्हे.

७. कटिंग

हे काम ऑपरेटरचं, पण समोर थांबा आणि चार गोष्टी सांगा:

- आधी भोकं आणि खाचा, बाहेरची कड शेवटी. बाहेरची आधी कापली तर भाग जाळीवर हलतो आणि आतल्या खाचा तिरप्या जातात.
- सगळे भाग शीटच्या एकाच बाजूने. लेझरची कड किंचित निमुळती असते, उलटसुलट कापलं की जोडात फट दिसते.
- चाचणी-पट्टीला वापरलेली पॉवर आणि स्पीडच ठेवा. घाईत स्पीड बदलला की कर्फ बदलतो.
- मशीन चालू असताना कोणीतरी समोर असलंच पाहिजे. अ‍ॅक्रिलिकला लेझरखाली ज्वाळा धरू शकते.

कापलेले भाग गरम असतात, लगेच रचून ठेवू नका. गार झाल्यावर कागदासकट वर्तमानपत्रात गुंडाळा आणि दोन सपाट पुठ्ठ्यांमध्ये सुतळीने बांधा. एसटीत नेताना आडवं मांडीवर, सामानाच्या कप्प्यात उभं नाही. उन्हाळ्यात बंद गाडीच्या काचेमागे किंवा टिनाच्या छपराखाली ठेवलं तर पातळ भाग वाकतात, आणि ते परत सरळ होत नाहीत.

८. आधी सुकाच जोडून बघा

केमिकलची बाटली अजून उघडू नका. कागद तसाच ठेवून सातही भाग जोडा. कागदामुळे खाचा थोड्या घट्ट लागतील, म्हणून फक्त खुंटाजवळचा कागद नखाने सोडवा. क्रम: मागची पाटी आडवी, तिच्यात तळ, मग चारही उभे भाग, शेवटी समोरची पट्टी वरून.

एखादा खुंट जात नसेल तर ठोकू नका, बारीक कानशीने खुंटाची जाडी घासा. खाच घासायच्या फंदात पडू नका, ती एकसारखी घासली जात नाही. ढिलं बसत असेल तर कागदाचे तुकडे घालून भरू नका, ते जोडात अडकतात आणि केमिकल ओढून घेतात. थोडा ढिला जोड चिकटवताना सावरता येतो, जास्त ढिला असेल तर तो भाग परत कापून घ्या.

९. चिकटवणं

सगळ्यात जास्त काम इथे बिघडतं.

अ‍ॅक्रिलिकला गोंद नको, विद्रावक हवं. शीटच्या दुकानात 'अ‍ॅक्रिलिकचं केमिकल' म्हणून छोटी बाटली मिळते, ते बहुधा क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन असतं. ते दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवतं आणि ते एकमेकांत मिसळून एकच होतात. फेव्हिक्विकसारख्या झटपट गमाने जोडाभोवती पांढरी बुरशीसारखी धूसर छटा येते आणि जोड ठिसूळ राहतो. लाकडाचा फेव्हिकॉल इथे काहीच कामाचा नाही.

> सावध: हे केमिकल ओसरीत, वारा लागेल अशा जागी वापरा. पेटती चूल, शेगडी, बिडी-सिगारेट जवळ नको: क्लोरोफॉर्मच्या वाफा आगीशी आल्या की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. बाटलीवर मोठ्या अक्षरात 'विष' लिहा, पाण्याच्या बाटलीत कधीही ओतू नका. लहान मुलं घरात असतील तर काम झाल्यावर बाटली कुलपात.

वेळ निवडा. भर उन्हाळ्याच्या दुपारी केमिकल जोडात शिरायच्या आधीच उडून जातं. पावसाळी दमट दिवशी, किंवा कूलर चालू असलेल्या खोलीत, केमिकल उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि जोड दुधाळ होतो. कोरड्या दिवसाची सकाळ उत्तम. कटिंग झाल्याझाल्या त्याच दिवशी चिकटवू नका, भाग एक दिवस सपाट पडू द्या.

कृती:

१) जोडाच्या आसपासचा कागद पूर्ण काढा. उरलेला कागद तसाच राहू द्या, थेंब सांडले तर तो वाचवेल.

२) भाग जोडा आणि चिकटपट्टीने बाहेरून घट्ट धरा. काटकोन तपासायला शाळेतला गुण्या पुरे.

३) सिरिंजमध्ये थोडंसंच केमिकल घ्या. दट्ट्याचं रबर त्यात फुगतं, म्हणून अर्धा मिली घ्या, वापरा, परत घ्या. भरून ठेवू नका.

४) सुईचं टोक जोडाच्या आतल्या कोपऱ्यात टेकवा आणि हलकेच दाबत पुढे सरका. केमिकल स्वतःच फटीत ओढलं जातं. पारदर्शक शीट असेल तर फटीतली चंदेरी रेघ नाहीशी होत जाताना दिसते. जिथे ती उरते तिथे केमिकल पोचलेलं नाही. दुधी शीटमध्ये हे दिसत नाही, म्हणून जोडाच्या दोन्ही टोकांनी द्या.

५) जोड आडवा असेल अशा बेताने स्टँड फिरवत राहा. उभ्या जोडात केमिकल खाली ओघळतं, पाटीवर डाग पडतो आणि तो निघत नाही.

६) एक-दोन मिनिटांत जोड धरतो, पण २४ तास त्यावर वजन नको.

थेंब सांडला तर पुसू नका. पुसलं की डाग पसरतो, उडू दिलं तर ठिपक्यावर निभावतं.

> तपासणी: दुसऱ्या दिवशी चिकटपट्टी काढा आणि स्टँड एका पडद्याला धरून उचला. कुठे 'कट' आवाज आला तर तो जोड पुन्हा द्या.

१०. भिंतीवर लावणं

पक्क्या विटांच्या भिंतीत प्लास्टिकची गिट्टी आणि चपट्या बुडाचा, गोल डोक्याचा स्क्रू. शंकूच्या डोक्याचा स्क्रू घेऊ नका, तो भोकात पाचरीसारखा शिरतो आणि पाटी फाडतो. प्रत्येक स्क्रूखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल चकती कापून घाला. स्क्रू पाटीला टेकला की थांबा, आणि अर्धा आटा मागे फिरवा. पाटी हाताने किंचित सरकली पाहिजे.

मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही. तिथे आधी सागाची किंवा बाभळीची पट्टी लांब खिळ्यांनी पक्की करा आणि स्टँड त्या पट्टीवर लावा. टिनाच्या भिंतीलाही मधे लाकडी पट्टी हवीच, नाहीतर मे महिन्यात तापलेल्या पत्र्याला पाटी थेट चिकटून राहील.

नंतरची निगा

कोरड्या फडक्याने पुसू नका. अ‍ॅक्रिलिकवर धूळ चिकटून बसते आणि कोरडं घासलं की ती सँडपेपरचं काम करते. आधी ओल्या फडक्याने धूळ उचला, मग साबणाच्या पाण्याने, मग मऊ सुती कापडाने. स्पिरिट, सॅनिटायझर आणि अमोनिया असलेला काच पुसायचा फवारा यांच्यामुळे लेझरने कापलेल्या कडांवर बारीक चिरा उमटतात.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा तळाच्या खाचांखाली नजर टाका. मुंग्या आणि कुंभारमाशीला असे आडोसे फार आवडतात, आणि कुंभारमाशीने चार्जिंग पिनेत एकदा माती भरली की ती पिन दुकानातही साफ होत नाही. रिकामी वायर खाचेत लोंबकळत ठेवण्यापेक्षा तिचं टोक वर कप्प्यात घालून ठेवा.